मैदानावरचा अबोला

मंगफ, कुवेत
९ नोव्हेंबर २०२४

आत्या,

फोनवर तू मला मध्येच तोडलंस आणि म्हणालीस, "बोलताना तू नुसता पळतोस. बसून लिही, मग तुझं तुलाच कळेल काय विचारायचंय ते." म्हणून बसलो. पत्राचा फोटो पाठवतोय, मोठा करून वाच. अक्षर शाळेत होतं तसंच आहे, नावं ठेवू नकोस.

तर झालंय असं. आमच्या मंडळाने मुलांची बेसबॉलची टीम काढलीय. इथे हिवाळ्यात दर शुक्रवारी लीग असते. फिलिपिनो, कोरियन, लेबनीज, सगळ्यांच्या टीम उतरतात. आमचे अध्यक्ष सदानंदराव मीटिंगमध्ये म्हणाले, "सुमेध, तुझी आत्या परभणीच्या कॉलेजात बेसबॉल कोच होती ना? विद्यापीठाची ढाल घेऊन यायची ना? मग कोच तूच!" मी म्हटलं, अहो, मी हॉस्पिटलात डायलिसिसची मशीनं चालवतो, आणि जन्मभर फक्त क्रिकेट खेळलोय. पण ऐकतंय कोण. टाळ्या वाजवल्या आणि चहा आला.

आपली शलाका पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी, तुला काय सांगायचं म्हणा. बारा वर्षांची पोर, पण हात काय सुटतो तिचा! सरावात कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू असा बसतो की नुसता आवाज ऐकत राहावं. कॅचर म्हणजे सर्फराजभाईंचा काशिफ. सर्फराजभाई दापोलीकडचे, आमच्या गल्लीत त्यांचा बकाला आहे, किराणा दुकान गं. सगळी टीम त्यांच्याच व्हॅनमधून सुलैबियाच्या मैदानावर जाते.

आणि मॅचमध्ये? मॅचमध्ये तीच शलाका चेंडू कुठेही फेकते. चार चेंडू बाहेर गेले की समोरच्याला फुकट बेस, धावेचा एक टप्पा, मिळतो. शुक्रवारी तिने असे फुकट बेस वाटले की लेबनीज मुलं हसायला लागली. मी सारखं सांगत असतो, कोपर वर, डावा पाय सरळ, मान हलवू नको, श्वास सोड, खांदा आधी वळव. एकही चेंडू मी सूचना दिल्याशिवाय जाऊ देत नाही. बदली खेळाडू म्हणून सर्फराजभाईंची मुलगी आहे, पण ती फारच हळू टाकते, तिला बसवूनच ठेवतो.

खरी गोष्ट शेवटी लिहितोय. शलाका माझ्याशी बोलेनाशी झालीय. काही विचारलं की इंग्रजीत "फाइन" म्हणते आणि खोलीत जाते. काल प्रणिताला म्हणाली, आई, मला नाही खेळायचं यापुढे. मला ढालबिल नको आत्या. पोरगी हातातून निसटतेय असं वाटतंय. चार युक्त्या सांग.

तुझा
सुमेध

परभणी
२२ नोव्हेंबर

सुमेध,

पत्र वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. काय रे हे! कोपर, पाय, मान, श्वास, खांदा. अरे, लेकरू चेंडू टाकायलंय का पाढे म्हणायलंय? मला घरात बसून धाप लागली.

तुझं मशीन कसं असतं? जरा प्रेशर चढलं की अलार्म, जरा हवेचा बुडबुडा आला की अलार्म, आणि तू धावतोस. धावायलाच पाहिजे, तिथं माणसाचा जीव असतो. पण तू मैदानावरही तेच करायलास. फरक एवढाच की इथं अलार्म तूच आहेस, आणि दर चेंडूला वाजायलास. चुकलेलं लेकराला आधी कळतं बाबा. चेंडू हातातून सुटायच्या आत कळतं. त्याला ते सांगणारा दुसरा माणूस लागत नाही.

युक्त्या मागू नकोस, माझ्याकडे नव्हत्याच. माझ्याकडे पहिल्या वर्षाला पोरी यायच्या, पाथरीच्या, जिंतूरच्या, गंगाखेडच्या. बेसबॉल कशाशी खातात ठाऊक नसायचं. पहिला महिना मी कुणालाच जागा द्यायची नाही. सगळ्यांनी सगळीकडे उभं राहायचं. एक होती, सगळ्या तिला वेंधळी म्हणायच्या, धावताना स्वतःच्याच पायात पाय घालायची. तिला कॅचरच्या जागी बसवलं तर काय सांगू तुला! घरी म्हशी होत्या तिच्या. कुठलं जनावर कधी बुजणार हे तिला बुजायच्या आधी कळायचं. समोरच्या टीमची पोर चोरून पुढच्या बेसवर पळायला निघाली की ही आधीच उभी. दुसऱ्या दिवशीच तिला पाहून ठरवलं असतं तर तिला मी पाणी द्यायला बसवलं असतं.

आता तुझ्यासाठी एकच काम. मॅच सुरू झाली की मी तोंडात लवंग ठेवायची. चावायची नाही, नुसती गालात धरायची. लवंग तोंडात असली की बोलता येत नाही. मॅच संपली की थुंकायची. तू हेच कर. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत तोंड बंद. सराव तुझा, मॅच लेकरांची.

आणि हे "सर्फराजभाईंची मुलगी" काय आहे? त्या लेकराला नाव नाही? पुढच्या पत्रात नाव लिही, नाहीतर उत्तर मिळणार नाही.

इथं थंडी पडायलीय. गुडघे बोलतात, मी ऐकत नाही.

तारा आत्या

मंगफ
२१ डिसेंबर २०२४

आत्या,

फरहीन. तिचं नाव फरहीन आहे. झालं?

आणि तुझी लवंग फुकट गेली. फुकट कसली, उलटली! रागावू नकोस, पण मी खरोखर चिडलोय.

तू सांगितलंस तसंच केलं. ओळीने तीन शुक्रवार तोंडात लवंग धरून उभा राहिलो, हाताची घडी घालून. एक शब्द नाही. सदानंदराव बाजूला येऊन म्हणत होते, "अरे कोच, बोल काहीतरी, मूग गिळलेस का?" तरी नाही. मॅचच्या आधी नाही, नंतर नाही, उगाच तोंडातून काही सूचना निघायला नको म्हणून गाडीतसुद्धा नाही. मला वाटलं, आता पोरगी मोकळी होईल.

पहिल्या शुक्रवारी तिने माझ्याकडे वळून वळून पाहिलं. दुसऱ्या शुक्रवारी प्रत्येक चेंडूआधी पाहिलं. काल तर चेंडू टाकायचाच थांबली. हातात चेंडू धरून उभी, आणि नजर माझ्यावर. अंपायर ओरडला तेव्हा टाकला, तो काशिफच्या डोक्यावरून कुंपणापर्यंत गेला. मी तिला बसवलं. घरी आल्यावर प्रणिताच्या कुशीत शिरून रडली. मी दाराशी होतो, ऐकलं सगळं. "व्हॉट डिड आय डू? बाबा माझ्याशी का नाही बोलत?"

म्हणजे बोललो तरी वाकडं, नाही बोललो तरी वाकडं. मला वाटतं इथली मुलंच नाजूक झालीत. एसीत वाढलेली. तुझ्या पाथरी-जिंतूरच्या पोरींना जमत असेल तुझं मौन.

तिचं आता ठरलंय. लीग रमजानच्या आधी, फेब्रुवारीत संपते. तोवर मुलं कमी पडतात म्हणून खेळणार, मग कायमचं बंद. प्रणिता म्हणते, सोडू दे, पोरीपेक्षा खेळ मोठा आहे का? नाही आहे. पण तिने खेळ सोडला तर मला माहीत आहे, त्याबरोबर ती मलाही सोडेल. मग उरेल फक्त "फाइन".

सुमेध

परभणी
२ जानेवारी २०२५

बाळा,

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. तुझ्या नाही, माझ्या. औषध बरोबर दिलं, पण रोगी कुणाच्या घरातला हे पाहिलंच नाही. आणि घर तर माझंच!

आठव जरा. आपल्या घरात कधी भांडण झालं? कधीच नाही. लोक म्हणायचे, काय शांत माणसं आहेत. शांत कसली! अबोला धरायचो आपण. तुझे वडील, माझा दादा, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, पण अबोल्यात त्याचा हात कुणी धरला नाही. दहावीला तुला गणितात कमी पडले तेव्हा आख्खी दिवाळी तो तुझ्याशी बोलला नाही. ताट पुढं सरकवायचा आणि भिंतीकडे बघून जेवायचा. तू माझ्याकडे येऊन विचारलंस, "आत्या, बाबा मारत का नाहीत? मारलं असतं तर बरं झालं असतं." आपल्याकडं गप्प बसणं म्हणजे राग, दुसरा अर्थच नाही. शलाका तुझीच पोर आहे. कुवेतमध्ये वाढली म्हणून काय झालं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. तिला वाटलं, बाबांनी अबोला धरला. आणि तू वर हाताची घडी घालून उभा! दादाच उभा राहिला असणार तिथं, हुबेहूब.

नाजूकबिजूक काही नाही लेकरू. तिच्या जागी मी असते तर मीही चेंडू कुंपणाबाहेर टाकला असता.

माझ्या पोरींना माझं मौन का चालायचं सांगू? मी त्यांना जूनमध्येच सांगायची, "पोरींनो, मॅचला मी गप्प बसले की समजायचं, आता मैदान तुमचं." त्यांना लवंग माहीत होती. बसच्या फुटबोर्डवरून खाली उतरलं की त्याच मला लवंग आणून द्यायच्या आणि खिदळायच्या. हे तुला लिहायचं राहिलं, आणि तुलाही सुचलं नाही.

आता ऐक. आधी तिला सांग. का गप्प होतास, कुणी सांगितलं होतं, आणि तुझ्या वडिलांची दिवाळी, सगळं सांग. लाज वाटेल, वाटू दे.

मग काशिफचा ग्लव्ह माग आणि तिच्यासमोर बस. उभा राहू नकोस, खाली बस, कॅचर बसतो तसा. तिचे चेंडू तू झेल. तुला येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगायलेय. तुला येत नाही असं काहीतरी तिला दिसू दे. ती सांगेल, तू शिक. आणि तोंड उघडावंसंच वाटलं तर फक्त विचार, "तुला काय दिसलं?" विचारलं की थांब. ती इंग्रजीत उत्तर देईल, देऊ दे.

आणि फरहीनला चेंडू दे. एकाच पिचरवर टीम चालवणं हा लेकरावर अन्याय आहे. तिला थकायचीसुद्धा सोय राहत नाही.

आत्या

मंगफ
३० जानेवारी

आत्या,

मांडीवर निळा डाग आहे, डाव्या हाताचा अंगठा सुजलाय, आणि मी खुश आहे.

आधी सांगितलं तिला सगळं. फहाहीलला समुद्राच्या कडेला फिरायला घेऊन गेलो. लवंगेचं सांगितलं, दिवाळीचं सांगितलं. तिने तिच्या आजोबांचा फोटोच तेवढा पाहिलाय, हार घातलेला. ऐकून म्हणाली, "होल दिवाळी? फटाकेपण नाही?" मी म्हटलं, फटाके होते, माझ्यासाठी नव्हते. मग तिने विचारलं, "म्हणजे तू क्वाएट असलास की मॅड नसतोस?" खोटं कशाला बोलू, मी म्हटलं, कधीकधी असतो, पण तेव्हा सांगेन. तिने माझा हात धरला नाही काही. पण आईस्क्रीम मागितलं, ते पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत सुरू केलं. मी ग्लव्ह घालून खाली बसलो. पहिला चेंडू मांडीवर. दुसऱ्याला मी डोळेच मिटले. तिसरा छातीवर. आत्या, ती हसली! किती दिवसांनी हसली! पोट धरून वाळूत बसली आणि म्हणाली, "बाबा, यू आर ब्लिंकिंग! डोळे मिटू नकोस ना!" मग येऊन माझी बोटं ग्लव्हमध्ये नीट लावली. गुडघे कसे ठेवायचे ते दाखवलं. एवढी ओरडली माझ्यावर, एवढी ओरडली! अगदी माझ्याच आवाजात. "एल्बो वर, बाबा! मान हलवू नको!" मी तसा बोलतो हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

हॉस्पिटलात लंगडत गेलो तर डायलिसिसला येणारे एक कुवेती आजोबा मलाच विचारायला लागले, मशीनवर आज कोण झोपणार, तू की मी?

पण खरी गोष्ट ही. एका संध्याकाळी मी तुझा प्रश्न विचारला. "शलाका, मॅचमध्ये चेंडू टाकताना तुला काय दिसतं?" मला वाटलं म्हणेल ग्लव्ह, बॅट, बेस. तिने हातातला चेंडू दोनदा उलटापालटा केला. मग म्हणाली, "तू. आय ओन्ली सी यू. ग्लव्ह दिसतच नाही."

मला काही बोलता आलं नाही. आणि या वेळी मी तिला तसं सांगितलं, की मला बोलता येत नाहीये, रागावलो नाही. ती म्हणाली, "आय नो."

फरहीनही येते आता सरावाला आमच्याबरोबर. हळूच टाकते, पण आत्या, तिचा चेंडू जिथे म्हणेल तिथे जातो. सर्फराजभाई बकाला सोडून बघायला येतात आणि म्हणतात, "काय ओ सुमेधभाई, एवढे दिवस माझ्या पोरीला बेंच गरम करायला ठेवलात होय?" बोलणी खाल्ली मुकाट्याने.

जानेवारीत ओळीने मॅच जिंकलो आणि आम्ही फायनलला पोचलोय. २१ फेब्रुवारी, कोरियन टीमबरोबर. शलाका त्यानंतर खेळणार की नाही, अजून काही म्हणालेली नाही. मीही विचारलं नाही.

सुमेध

परभणी
१० फेब्रुवारी

सुमेध,

अंगठ्याला हळद लाव. शाब्बास म्हणणार नाही, शाब्बास शलाकाची. पण वाचताना मी एकटीच हसले आणि शेजारीण डोकावली.

फायनलसाठी दोन गोष्टी, मग मी गप्प.

मॅच अडली की कोचला पिचरजवळ जाता येतं. सगळं मैदान बघत असतं, आई-बाप बघत असतात, आणि कोचला वाटतं आता आपण काहीतरी शहाणपणाचं बोललं पाहिजे. तिथं जाताना खिशात उत्तर घेऊन जाऊ नकोस. विचार आणि ऐक. आणि लेकरानं जे सांगितलं ते तुला आवडलं नाही, तरी तेच कर. विचारून मग आपलंच केलं तर परत कधी ते खरं सांगणार नाही. ही एकच गोष्ट मी माझ्या नोकरीत शिकले असं म्हण, बाकी सगळं पोरींनी शिकवलं.

दुसरी, हरलात तर गाडीत मॅचचा विषय तू काढायचा नाही. भूक लागली का, एवढंच विचारायचं. लेकरू हरलेलं असतं, वर भाषण कशाला?

आत्या

मंगफ
२२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हरलो.

कसं ते सांगतो. शलाका काय खेळली! पहिल्या चेंडूपासून ग्लव्हकडे नजर. माझ्याकडे एकदाच पाहिलं, ते पाण्याची बाटली कुठे ठेवलीय म्हणून. शेवटच्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद, एकच पाहिजे होता. पण तोवर शलाकाचा हात जड पडायला लागला होता. दोघांना फुकट बेस गेले, एकाने मारला, तिन्ही बेस भरले. समोर त्यांची सगळ्यात दांडगी मुलगी बॅट घेऊन उभी.

मी गेलो. सगळं मंडळ कुंपणाला लागलेलं. सदानंदराव ओरडत होते, "शलाका, एकच चेंडू गं!" मी जवळ जाऊन विचारलं, "तुला काय दिसतंय?"

ती म्हणाली, "बाबा, माझा हात गेलाय. मी टाकला तर मधोमध जाईल आणि ती मारेल. फरहीनला दे. तिचा स्लो येतो, ही घाईत बॅट फिरवेल."

आत्या, माझ्या तोंडावर आलं होतं, अगं, एकच चेंडू, कर ना! फरहीन आख्ख्या लीगमध्ये जेमतेम दोनदा खेळली होती. मला जिंकायचं होतं गं, खोटं का बोलू. पण तुझं पत्र वाचून झालं होतं. मी अंपायरला सांगितलं, पिचर बदला.

शलाकाने स्वतः जाऊन फरहीनच्या हातात चेंडू दिला. फरहीनचा पहिला चेंडू, त्या दांडग्या मुलीने खरंच घाईत बॅट फिरवली, हुकली. दुसऱ्यालाही हुकली. तिसरा हुकला की ती बाद आणि मॅच आमची. शलाका म्हणाली होती तस्संच! आम्ही सगळे उड्या मारत होतो. तिसऱ्याला ती मुलगी शहाणी झाली, थांबली, आणि मारला. दोन धावा आल्या. संपलं.

मंडळातले लोक जरा नाराज झाले, चालायचंच, विसरतील. फरहीन रडत होती, सर्फराजभाई तिला घेऊन लवकर गेले.

आम्ही आमच्या गाडीने आलो. मी भूक लागली का विचारलं. हो म्हणाली. वाटेत फलाफल घेतलं, तिने खाल्लं, आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. आजही सकाळपासून खोलीत आहे. लीग संपली. तिने दिलेला शब्द संपला. आता ती काय ठरवते ते तिचं. पण आत्या, हा अबोला आहे की नुसती ती गप्प आहे, हे मला ओळखता येत नाही आणि माझं काळीज थाऱ्यावर नाही.

सुमेध

मंगफ, कुवेत
२ मार्च २०२५

डिअर तारा आजी,

मी शलाका. मी मराठी बोलते पण लिहीत नाही, म्हणून मी सांगतेय आणि आई लिहितेय. मी आईला सांगितलंय की वर्ड्स चेंज करायचे नाहीत.

बाबाने तुला फायनलचं लेटर पाठवलं ते मी वाचलं. त्याने विचारलं होतं, वाचायचंय का? त्यात त्याने एक गोष्ट लिहिलीच नाही. म्हणून मी सांगते.

मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये सदानंदकाका आणि अजून दोन-तीन अंकल बाबावर खूप ओरडले. काका म्हणाले, तुझ्यामुळे हरलो, एवढी चांगली पिचर असताना त्या मुलीला कुणी आणतं का? मी आणि फरहीन व्हॅनच्या मागे होतो. आम्हाला सगळं ऐकू आलं. बाबा म्हणू शकला असता की शलाकाने सांगितलं. ते खरंच होतं. पण तो म्हणाला, "निर्णय माझा होता. पोरींना कुणी एक शब्द बोलायचा नाही." आणि मग म्हणाला, "फरहीनचे दोन चेंडू पाहिलेत ना? पुढच्या वर्षी बघा." आजी, बाबाला भांडता येत नाही. तरी बोलला.

मी कारमध्ये अँग्री नव्हते. मला रडू येत होतं, पण सॅडवालं नाही. कसं सांगायचं ते कळत नव्हतं म्हणून बोलले नाही. बाबा मात्र दोन दिवस घाबरला. रविवारी सकाळी आई मला म्हणाली, "बाई गं, जा आणि त्याला सांग, नाहीतर हा माणूस नाश्ता करणार नाही." मग मी जाऊन सांगितलं, बाबा, आय ॲम नॉट मॅड, आय ॲम जस्ट क्वाएट. त्याने मला इतकं घट्ट धरलं की माझा दुखरा हात अजून दुखला.

नंतर मी मंडळाच्या हॉलवर गेले. सदानंदकाकांना सांगितलं की डिसिजन बाबाचा नव्हता, माझा होता, आणि मी परत तसंच करीन. काका म्हणाले, "बापासारखीच आहेस." मी थँक्यू म्हटलं.

पण आजी, फरहीन फोन उचलत नव्हती. काशिफ म्हणाला, ती म्हणते परत कधीच खेळणार नाही. तिला वाटतं सगळे तिच्यावर चिडलेत. मला माहितेय तसं वाटलं की कसं वाटतं. मी तिला मेसेज केला की मी तुला चूझ केलं होतं आणि अजूनही तूच. तिने उत्तर दिलं नाही.

म्हणून काल मी काशिफचा ग्लव्ह घेऊन त्यांच्या बिल्डिंगखाली गेले, बकाल्याच्या मागे व्हॅन उभी असते तिथे. मी वर गेले नाही. हाकही मारली नाही. खाली कॅचरसारखी बसले, तिच्या खिडकीकडे तोंड करून. माझे पाय दुखायला लागले. सर्फराज अंकलना रोजा होता, तरी ते दुकानातून बाहेर येऊन बघत उभे राहिले.

फरहीन खाली आली. डोळे लाल होते. मी चेंडू तिला दिला आणि म्हटलं, पुढच्या वर्षी काशिफ वयात बसत नाही, मी कॅचर होणार आहे, पण मला येत नाही, तू टाकलास तरच येईल. ती म्हणाली, "मी हरवलं ना सगळ्यांना." मी म्हटलं, "टाक तर."

तिने टाकला. माझ्या डोक्यावरून गेला आणि व्हॅनवर आपटला, व्हॅनला खड्डा पडला. आम्ही दोघींनी अंकलकडे पाहिलं. ते म्हणाले, "व्हॅन माझी आहे, तुम्ही कशाला थांबलात?"

मी व्हॅनखाली वाकून चेंडू काढला, तिच्याकडे फेकला, आणि परत खाली बसले.

शलाका